तिसऱ्या बेसवरचा खो

शकुंतला गावंडे यांच्या नावावर आमच्या लीगमध्ये एकही रन नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण नाहीतर कुणीतरी भोचक माणूस ते शोधून काढतो आणि मला फोन करतो. रन नाही, एकही नाही. तरीही मॅगपाय फ्लॅटच्या गॅस स्टेशनवर जाऊन विचारा, लीगमधला सर्वांत मोठा खेळाडू कोण. काउंटरवरचा माणूस तुमचं कार्ड बाजूला ठेवून मागच्या भिंतीकडे बोट दाखवील. तिथे शकुताईंचा फोटो आहे. अंबाड्यावर कशीबशी बसवलेली टोपी, गुडघ्याखाली नाडीने बांधलेली सलवार, कॉलरच्या आत सेफ्टी पिनने अडकवलेलं मंगळसूत्र, आणि फोटो काढणाऱ्याची नखं वाढली असावीत असा संशय घेणारी नजर.

नजरेबद्दल पुढे सांगतो. आधी लीगबद्दल सांगायला हवं, कारण पुण्याला गेल्यावर मी हे सांगायला लागलो की लोक विषय बदलतात आणि मला खायला देतात.

कॅनडातलं रेजिना शहर सोडलं की रस्ता सरळ होतो आणि सरळच राहतो. तासाभराच्या आत मॅगपाय फ्लॅट येतं. एक उंच धान्यकोठार, एक चर्च, एक गॅस स्टेशन आणि रेल्वेलाइनला लागून बेसबॉलचं मैदान, एवढंच गाव. अशा पाचसहा गावांची मिळून आमची लीग. मी रेजिनाला एका सरकारी खात्यात कॉम्प्युटर सांभाळतो. ऑफिसातल्या कुणीतरी मला इथे आणलं आणि मैदानाच्या उजव्या कोपऱ्यात उभं केलं. तिकडे चेंडू सहसा येत नाही, म्हणून मी इतकी वर्षं टिकलो.

बेसबॉल माहीत नसेल तर एवढं पुरे. मैदानाला चार कोपरे असतात. चेंडू मारायचा, पहिला, दुसरा, तिसरा बेस करत पळायचं आणि जिथून निघालो त्या होम प्लेटवर परत यायचं. आलात, की एक रन. हे झालं जगातलं बेसबॉल. आमच्याकडे नियम दर वसंतात गावजेवणात ठरतात. लोक घरून काही ना काही करून आणतात, पिरोगी खाता खाता कुणीतरी नियम सुचवतो, आणि पटला तर हातातला चमचा वर करायचा. पिरोगी म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या. एकदा चमच्यांनी झालेला नियम रद्द होत नाही. त्यामुळे आमच्याकडे बदकाने चेंडू नेला तर दोन बेस मिळतात. दुसरा बेस कुठे असेल ते त्या दिवशी गोफर ठरवतात. हे बिळात राहणारे खारीएवढे प्राणी आहेत, ते रात्रीतून बेस ओढून नेतात आणि सकाळी जिथे सापडेल तिथे दुसरा बेस. चेंडू जोवर हवेत आहे तोवर पळता येतं, आणि तो खाली यायच्या आत फेरी पूर्ण झाली तर रन, मग चेंडू कुणीही झेलो. वाऱ्याला खेळाडू मानलेलं आहे. ओल्गा नावाच्या आमच्या अंपायर बाईंनी एकदा गैरवर्तनाबद्दल वाऱ्याला मैदानाबाहेर काढलं होतं, तेव्हा सामना संपेपर्यंत गव्हाचं एक पातंही हललं नाही.

आणि ट्रेनचा नियम. धान्याची मालगाडी आली की शेवटचा डबा जाईपर्यंत सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. बोलता येतं, हात हलवता येतो, पाय उचलता येत नाही. चेंडूही थांबतो. हवेत असेल तर हवेत. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि ज्याला पटत नसेल त्याने इकडची मालगाडी एकदा पाहावी. ती इतकी लांब असते की चेंडू थांबला नाही तर नवल.

तर अशा ठिकाणी शकुताई आल्या. त्या मूळच्या अमरावतीच्या, तिथे एका कन्याशाळेत पी.टी. शिकवायच्या आणि त्याआधी कॉलेजकडून खो-खो खेळायच्या. गावंडे साहेब रस्ते खात्यातले इंजिनिअर, पूल तपासायच्या नोकरीवर रेजिनाला आले. मुलगी पार पश्चिम किनाऱ्याकडे, कोक्विटलामला स्थायिक झालेली. ताई एका ग्रोसरीच्या बेकरी काउंटरवर काम करायला लागल्या. आपली माणसं नवीन आली की त्यांना काहीतरी दाखवायचं असतं, आणि रेजिनात दाखवण्यासारखं संपलं की मी त्यांना मॅगपाय फ्लॅटला नेतो. तसा त्यांनाही घेऊन गेलो.

त्या दिवशी आमच्यात एक माणूस कमी पडला. डग आमचा कॅप्टन. कॅनोला नावाच्या तेलबियांची शेती करतो, आकाराने आणि आवाजाने मोठा, मनाने लोण्याचा. नियमाप्रमाणे ज्याने संघाच्या पिरोगी खाल्ल्या तो संघाचा. ताईंच्या हातात अर्धी पिरोगी होती.

"शकू, यू रन?" डगने विचारलं.

"रन?" ताई म्हणाल्या. त्यांनी उरलेली पिरोगी गावंडे साहेबांच्या हातात दिली, ओढणी कमरेला बांधली, मैदानाच्या कडेला वाकून जमिनीला हात लावला, तोच कपाळाला लावला आणि आत गेल्या. साहेब मला म्हणाले, "भाऊ, तुम्ही काय केलं हे तुम्हाला माहीत नाही."

बॅट त्यांना धरता येत नव्हती. शेवटपर्यंत आली नाही. पण त्यांची ती नजर होती. बाकड्याखाली च्युइंगम चिकटवणाऱ्या पोरीकडे पी.टी.च्या बाई बघतात तशा त्या पिचरकडे बघायच्या. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, इकडे बहुतेक धट्टाकट्टा शेतकरी. तो टोपी नीट करायचा, शर्ट आत खोचायचा, आणि मग त्याचा चेंडू सरळ पडायचा नाही. चार चेंडू वाकडे पडले की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो. ताईंना तो कायम फुकट मिळायचा.

आणि एकदा त्या पहिल्या बेसवर आल्या की पुढचं बघत राहावं. पन्नाशी ओलांडलेली बाई, पण साखळी खेळणाऱ्या पोरीसारखी डावी हूल, उजवी हूल, चेंडू घेऊन आलेला माणूस एकीकडे आणि त्या दुसरीकडे. दुसरा बेस त्या दिवशी डबक्याच्या काठी होता. तिथून तिसऱ्याकडे निघाल्या आणि शेवटी सूर मारला. सूर म्हणजे पूर्ण आडवं होऊन, हात पुढे, खांब पकडायला मारतात तसा. धूळ उडाली, ताई उठल्या. समोर डग पाठमोरा उकिडवा बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता.

सवय ती सवय. ताईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली, "खो!" म्हणून ओरडल्या आणि त्याच्या जागी जाऊन बसल्या.

डग दचकला आणि पळाला. का पळाला हे त्याला आजही सांगता येत नाही. तो म्हणतो, "दॅट वर्ड, मॅन. यू हिअर इट, यू गो." बिया सांडत तो सरळ होम प्लेटवर गेला. मग समोरच्या संघाने आरडाओरडा केला, अर्थातच. ओल्गाने मास्क काढला आणि कमरेवर हात ठेवून विचार केला. मग म्हणाली, असं करू नये असा नियम आजवर कुणी सुचवलेला नाही. रन मान्य.

पुढच्या वसंतात त्याचा रीतसर नियम झाला. तिसऱ्या बेसवरच्या खेळाडूला, प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या आत पाठमोऱ्या बसलेल्या आपल्या बाजूच्या कुणालाही खो देता येईल. पाठमोरा हवा, समोरून खो नाही. रन त्याच्या नावावर, जो होम प्लेटला पाय लावील. सगळे चमचे वर गेले. चमचा नव्हता त्यांनी काटा वर केला.

त्यानंतर आमच्या गावचे प्रेक्षक पाठ करून बसायला लागले. बाहेरगावचा माणूस आला तर त्याला वाटायचं, या लोकांना खेळ आवडत नाही की काय. निम्मं गाव मैदानाकडे पाठ करून कान टवकारून बसलेलं. कुणाला कधी खो मिळेल सांगता येत नव्हतं. चर्चचे पाद्री रन काढून आले. स्कूलबसची ड्रायव्हर आली. डगच्या आईने वॉकर ढकलत रन काढली, आणि तेव्हा मालगाडी आली म्हणून ती वाचली असं विरोधक म्हणतात. ते चूक आहे. मालगाडी नंतर आली.

मलाही एकदा मिळाला. त्याबद्दल जास्त बोलत नाही, हा लेख माझ्यावर नाही. पण तो हात पाठीवर पडला तेव्हा मला बरं वाटलं. परदेशात आल्यापासून कुणी मला असं हक्काने उठवलं नव्हतं.

ताईंनी आमच्या लीगला लावलेल्या सवयी पुष्कळ. सामन्याआधी त्या रांगेत उभं करून नखं तपासायच्या. खो-खोत नख लागतं, म्हणून. "नेल्स. शो." डगसारखा माणूस दोन्ही पंजे पुढे करून उभा राहायचा. "इट्स ओन्ली ट्रॅक्टर ग्रीस, शकू." "ग्रीस नाही, हे काय आहे? कट." त्या पर्समधून नेलकटर काढायच्या. हळूहळू समोरचे संघही रांगेत यायला लागले. आता लीगमध्ये कुणीही मैदानात शिरताना जमिनीला हात लावून कपाळाला लावतो. विचारलं तर सांगतात, इट्स अ बेसबॉल थिंग.

त्यांचं एक वाक्य मात्र कायमचं होतं. पळताना कुणी वळून बघितलं की त्या ओरडायच्या, "मागे नाही पाहायचं! फाउल!" खो-खोत एकदा दिशा घेतली की वळता येत नाही. बेसबॉलमध्ये खुशाल वळा, कुणी विचारत नाही. ओल्गाने त्यांना हे अनेकदा समजावलं. ताई म्हणायच्या, "तुमच्यात चालत असंल. चांगलं नाही."

दंतकथा तर किती पसरल्या. ब्रॅम्पटनला शिकणारी मराठी मुलं मला फोन स्पीकरवर टाकून विचारतात, "काका, आय हर्ड की त्या चालत्या ट्रेनमधून आरपार गेल्या, इज इट ट्रू?" खोटं आहे. "आणि बदकाला खो दिला?" बदकाला दिला होता, पण ते पाठमोरं नव्हतं, म्हणून ओल्गाने नाकारला. "वाऱ्याला?" यावर दोन मतं आहेत. मी त्या दिवशी हजर होतो. ताईंनी तिसऱ्या बेसवर रिकाम्या हवेत थाप मारली आणि होम प्लेटवरची धूळ उडाली, एवढं मी सांगू शकतो. ती रन वाऱ्याच्या नावावर आहे.

आता गावंडे साहेब. ते प्रत्येक सामन्याला यायचे. तिसऱ्या बेसजवळ दोरीच्या आत घडीची खुर्ची टाकायची, शेजारी चहाचा थर्मास, निळ्या चौकड्यांचा शर्ट, आणि पाठ मैदानाकडे. त्यांची पाठ खो मिळवण्यासाठी नव्हती. पहिल्याच दिवशी ताईंनी सूर मारला आणि कोपर सोलून निघालं, तेव्हा त्यांनी खुर्ची फिरवली ती कायमची. "मला ती पडताना बघवत नाही," ते म्हणाले, "आणि घरीही बसवत नाही." त्यांना सगळा खेळ आवाजावर कळायचा. ओरडा कुठून आला त्यावरून ताई कुठे आहेत हे ते ओळखायचे, आणि थर्मासचं झाकण हातात घट्ट धरून समोरच्या गव्हाकडे बघत बसायचे.

परत जाताना गाडी ताई चालवायच्या आणि सामना सांगायच्या. जिथे साहेब सगळा वेळ बसून होते तोच सामना, पहिल्यापासून, हातवाऱ्यांसह. हायवेवर पुढे त्यांची पांढरी गाडी नागमोडी जाताना दिसली की मी बायकोला म्हणायचो, ताई दुसऱ्या बेसवर पोचल्या.

ती पाठ सगळ्यात जवळची होती. हात लांब केला की पोचेल अशी. तरी ताईंनी साहेबांना कधी खो दिला नाही. मी एकदा विचारलं.

"ते माझ्यासाठी येतात, भाऊ. खेळायले नाही येत. त्यांना कायले उठवू?"

"आणि तुम्ही स्वतः का नाही जात होम प्लेटपर्यंत? इतकं जवळ येऊन?"

"खो दिल्यावर बसायचं असते." मग म्हणाल्या, "आणि खो बसला की माणसाचं तोंड पाहा एकदा. कुणी बोलावलं नव्हतं त्याले इतके दिवस, असं तोंड होते."

मला खो मिळाला तेव्हा माझंही तोंड तसंच झालं असणार.

गेल्या वर्षी त्यांचा गुडघा गेला. आधी कुरकुरायचा, मग सुजायला लागला. त्यावर हळद, त्यावर पट्टा, त्यावर सलवार. डॉक्टरांनी ऑपरेशन ठरवलं आणि पळणं बंद म्हणून सांगितलं. साहेबांचंही रिटायरमेंट आलं. दोघांनी मुलीजवळ कोक्विटलामला जायचं ठरवलं. उन्हाळ्यातला शेवटचा सामना हा ताईंचा शेवटचा सामना. आदल्या आठवड्यात त्या पार्किंगमध्ये माझ्याशी बोलत उभ्या होत्या. गुडघा हाताने दाबत त्यांनी मैदानाकडे पाहिलं.

"एकदा जाऊन पाहावं वाटते, भाऊ."

"कुठे?"

"होम प्लेटवर. तिकडून काय दिसते ते. सगळ्यायले धाडलं, आपण गेलोच नाही." आणि लगेच, "या वेळी खो नाही देत मी कुणाले. स्वतः जातो."

वऱ्हाडात बायकाही कधी कधी 'जातो' म्हणतात. ताई ते फार ठरवून बोलत असल्या की म्हणायच्या.

मी डगला सांगितलं. डगने त्याच्या आईला सांगितलं, म्हणजे गावाला कळलं. सामन्याच्या दिवशी लीगमधल्या सॉल्ट क्रीक गावचा संघ आला तो ताईंना रन काढू द्यायचं आधीच कबूल करून आला होता. तसाही सामन्याला काही अर्थ नव्हता, दोन्ही संघ तळाला होते. अर्थ एकाच गोष्टीला होता, शकुताईंची एक रन. आणि ताई ऐन वेळी स्वभावाप्रमाणे कुणाला तरी खो देऊन बसतील, ही सगळ्यांना धास्ती होती. म्हणून गावाने ठरवलं की आज पाठ करून बसायचं नाही. डगची आई, पाद्री, ड्रायव्हर, झाडून सगळे मैदानाकडे तोंड करून बसले. दोरीच्या आत एकही पाठ ठेवायची नाही. साहेबांना कुणी सांगितलं नाही. त्यांना सांगितलं असतं तर ते काळजीने आजारी पडले असते. ते नेहमीप्रमाणे खुर्ची फिरवून थर्मास घेऊन बसले होते, आणि ती पाठ कुणाच्या हिशोबात नव्हतीच.

ताई आल्या. नखं तपासली. जमिनीला हात लावला. सॉल्ट क्रीकच्या पिचरने त्यांच्या नजरेला नजर न देता, डोळे मिटून, एक मऊ चेंडू टाकला. आणि ताईंनी तो मारला. आयुष्यात पहिल्यांदा बॅट आणि चेंडू यांची गाठ पडली. चेंडू सरळ वर गेला, वाऱ्याने त्याला धरला आणि आणखी वर नेला. ओल्गाने मास्क काढून वर पाहिलं.

ताई निघाल्या. पहिला बेस झाला. दुसरा त्या दिवशी गोफरांनी अगदी लांब, मुंग्यांच्या वारुळापाशी नेऊन ठेवला होता. तिथे त्या पोचल्या, वळल्या, आणि तेव्हा गुडघ्याचा आवाज झाला. मी उजव्या कोपऱ्याच्या बाकावर होतो, मला ऐकू आला. त्या पडल्या नाहीत. एका पायावर लंगडी घालत तिसऱ्या बेसपर्यंत आल्या. लंगडीही त्यांनी फार चांगली घातली. तिसऱ्या बेसवर पाय टेकला, आणि मालगाडीची शिट्टी झाली.

सगळं थांबलं. सॉल्ट क्रीकचा माणूस हातमोजा वर करून उभा, त्याच्या डोक्यावर चेंडू लटकलेला. गाडीचे डबे एकामागून एक जात राहिले. ताई एका पायावर.

"ओल्गा," त्या म्हणाल्या. "नी गॉन."

"आय नो, हनी. बट द ट्रेन." ओल्गाने मास्क पुन्हा तोंडावर ओढून घेतला. नियम तो नियम.

ताईंनी होम प्लेटकडे पाहिलं. तिथवर जाणं आता होणार नव्हतं, हे आम्हाला कळायच्या आधी त्यांना कळलं. त्यांनी तोंड वाकडं केलं, क्षणभरच. मला वाटलं त्या रडणार. मग त्यांनी सवयीने दोरीकडे पाहिलं, एखादी पाठ शोधायला. आणि त्यांना अख्ख्या गावाची तोंडं दिसली.

"असे काऊन बसले सगळे?" त्या मोठ्याने म्हणाल्या.

डग ओरडला, "फॉर यू, शकू! सो यू गो युवरसेल्फ!" आणि तो इतका मोठा माणूस हुंदके देऊन रडायला लागला. पाय उचलता येत नव्हता म्हणून कुणाला त्याच्याजवळही जाता येईना.

ताईंनी कपाळाला हात लावला. त्या चक्क हसल्या. "पागल आहात बे तुम्ही सगळे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मान वळवली. हाताच्या अंतरावर निळ्या चौकड्यांचा शर्ट होता. साहेबांनी सगळं ऐकलं होतं. त्यांच्या हातातलं चहाने भरलेलं झाकण ओठांपाशीच राहिलं होतं. पण ते वळले नाहीत. इतक्या वर्षांचा न वळण्याचा नेम त्यांनी त्या घडीलाही मोडला नाही.

शेवटचा डबा गेला. चेंडू खाली यायला लागला.

ताईंनी हात लांब केला आणि साहेबांच्या पाठीवर तळवा टेकवला. "खो," त्या म्हणाल्या. मैदानाने ऐकलेला सगळ्यात हळू खो तो.

गावंडे साहेब उठले आणि पळाले. बासष्ट-त्रेसष्टचे गृहस्थ, आयुष्यभर पूल तपासलेले, पायात ऑफिसचे बूट, हातात चहाचं झाकण. पहिल्या दिवसानंतर मैदान त्यांनी पाहिलं नव्हतं, पण कुठे जायचं हे त्यांना पक्कं माहीत होतं, हायवेवर हजारदा ऐकलेलं. ताई त्यांच्या खुर्चीत बसल्या. खो दिला की समोरच्याने सोडलेल्या जागी, त्याच दिशेला तोंड करून बसायचं, आणि ताईंनी कधी नियम मोडला नव्हता. त्यामुळे नवरा पळत असताना त्या मैदानाकडे पाठ करून गव्हाकडे बघत होत्या. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते.

साहेबांनी होम प्लेटवर पाय दिला. मागून चेंडू हातमोज्यात पडल्याचा आवाज आला. ओल्गाने दोन्ही हात पसरले. गाव उभं राहिलं, चमचे नव्हते तरी हात वर गेले. पण साहेब थांबले नाहीत. रन तिथे पूर्ण होते हे त्यांना कदाचित माहीत असेल, कदाचित नसेल. ते वळून पहिल्या बेसकडे गेले. तिथून वारुळापाशी, दुसऱ्याकडे. सॉल्ट क्रीकची माणसं बाजूला होऊन त्यांना वाट देत होती. तिसऱ्या बेसवर येईपर्यंत झाकणात एक थेंब चहा उरला नव्हता. ते ताईंच्या मागे येऊन उभे राहिले, धापा टाकत, आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. खो म्हणाले नाहीत.

ताई वळल्या नाहीत. "पोचलात?"

"पोचलो."

"काय दिसते हो तिकडून?"

साहेबांना श्वास घ्यायला वेळ लागला. "तुझी पाठ," ते म्हणाले.

ताईंनी मांडीवरचे हात सोडवले. मग म्हणाल्या, "आणिक?"

"बाकीचं गाडीत सांगतो."

मी आणि डगने हातांची खुर्ची करून ताईंना गाडीपर्यंत नेलं. त्यांनी जाता जाता डगची नखं बघून घेतली. गाडी आज साहेब चालवणार होते. लीगमध्ये त्यांच्या नावावर एक रन आहे, ताईंच्या नावावर शून्य, आणि दोघं कोक्विटलामला सुखरूप आहेत. गुडघा बरा आहे असं मुलगी कळवते. पण माझ्या डोळ्यांसमोर त्या आहेत त्या मागच्या काचेतून दिसलेल्या, टोपी काढलेल्या, पूर्ण वळून नवऱ्याकडे तोंड करून बसलेल्या. धान्याच्या कोठारापर्यंत गाडी सरळ गेली. मग साहेबांचा एक हात वर गेला, आणि ती नागमोडी जायला लागली.